ओमोरी पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी: विकत घेण्यापासून शेवटच्या रात्रीपर्यंत

ओमोरी हा दिसायला लहान मुलांचा गेम आहे आणि तो लहान मुलांच्या हातात देऊ नये. रंगीत पेन्सिलींनी काढल्यासारखं जग, मोठ्या डोळ्यांची पोरं, लढाईत पडलेल्या मित्राचा होणारा भाजलेला पाव. एवढंच बघून सहावीतल्या पोराला लॅपटॉप देऊन टाकलात, तर त्याच संध्याकाळी त्याच्या प्रश्नांना उत्तरं देत बसावं लागेल. आत विषय आहे तो नैराश्याचा, भीतीचा, अपराधी वाटण्याचा, आत्महत्येचा. गेम सुरू होतानाच पडद्यावर तशी सूचना येते. आपल्याला अशा सूचना न वाचता पुढे ढकलायची सवय असते. ही मात्र वाचा.

आमच्या सांगलीत ‘गेम खेळतो’ म्हटलं की लोक फोनवरचा गोळीबार किंवा क्रिकेट समजतात. ‘रडवणारा गेम’ म्हटलं तर थेट प्रश्न येतो, “पैसे देऊन रडायचं व्हय?” तरीही गेल्या काही वर्षांत कॉलेजातली बरीच पोरं-पोरी या गेमविषयी विचारायला लागली आहेत. कुणी त्याची गाणी ऐकलेली असतात, कुणी चित्रं पाहिलेली असतात, पण सुरुवात कुठून करायची ते ठाऊक नसतं. त्यांच्यासाठी हा लेख. गोष्ट मी फोडणार नाही. जिथे फोडल्याशिवाय सावध करता येत नाही, तिथे अर्धंच बोलेन.

हा गेम आहे तरी काय

ओमोकॅट नावाने काम करणाऱ्या एका चित्रकर्तीचा आणि तिच्या छोट्या चमूचा हा गेम. आधी तिची चित्रकथा होती, त्यातून गेमची कल्पना निघाली. २०१४ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले ते २२ हजार डॉलर, आणि जमले दोन लाखांहून जास्त. मग वाट बघणं सुरू झालं. गेम हातात पडला तो २५ डिसेंबर २०२० रोजी, विंडोज आणि मॅकवर. स्विच, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर तो जून २०२२ मध्ये आला. आरपीजी मेकर या तयार साधनावर तो बनवलेला आहे. चालताना दिसणारं जग ठिपक्या-ठिपक्यांचं, म्हणजे पिक्सेलचं आहे. लढाई सुरू झाली की मात्र हाताने काढलेली, थरथरणाऱ्या रेघांची चित्रं समोर येतात. हा फरक गेमभर लक्षात ठेवा, पुढे त्याला अर्थ येत जातो.

गोष्टीची चौकट एवढीच: सनी नावाचा सोळा वर्षांचा मुलगा चार वर्षं घराबाहेर पडलेला नाही. तीन दिवसांनी तो आणि त्याची आई हे घर सोडून दुसरीकडे राहायला जाणार आहेत. झोपला की तो स्वप्नात ‘ओमोरी’ होतो, तिथे त्याचे जुने सवंगडी आहेत: ऑब्री, केल, केलचा थोरला भाऊ हीरो, फुलं आणि फोटोंचा नाद असलेला बेसिल. शिवाय मारी, म्हणजे त्याची ताई, जिथे जाल तिथे चादर अंथरून डबे मांडून बसलेली. स्वप्नात सगळं छान आहे. जागेपणी घर रिकामं आहे. तुम्ही या दोन्हींत ये-जा करत राहता.

पहिली पायरी: आत्ताच खेळायचा का, ते ठरवा

ही पायरी लोक गाळतात. मी ती सगळ्यात वर ठेवतो.

गेममध्ये तीन भीती ठळकपणे येतात: उंचीची, कोळ्यांची आणि पाण्यात बुडण्याची. नुसतं चित्र दाखवून गेम थांबत नाही, तुम्हाला त्या भीतीतून चालत जायला लावतो. कोळ्यांची किळस असलेल्यांनी तेवढ्या भागापुरतं कुणाला तरी शेजारी बसवावं. पाण्याचा भाग मात्र आपल्याकडे वेगळ्या ठिकाणी लागू शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. इथे धोक्याची पातळीच ४५ फुटांची आहे. गावभागात, मारुती चौकात, शामरावनगरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, ज्यांनी गच्चीवर बसून बोटीची वाट बघितली, त्यांच्यातली तेव्हाची शाळकरी पोरं आज कॉलेजात आहेत आणि हा गेम खेळायच्या नेमक्या वयात आहेत. खाली काळं पाणी, वरचा उजेड लांब जातोय, कानात दबलेला आवाज, असा तो प्रसंग आहे. पुराचं पाणी जवळून पाहिलेल्या माणसाने तो रात्री एकट्याने खेळू नये, एवढं मी स्पष्ट सांगतो.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. सुरुवातीच्या काही तासांतच एका ठिकाणी गेम तुमच्याकडून, तुमच्याच बोटाने बटण दाबून, ओमोरीला स्वतःला इजा करायला लावतो. पुढे ते पुन्हा पुन्हा येतं. गेमच्या रचनेत त्याला कारण आहे. पण ज्याच्या मनात सध्या असे विचार येऊन गेले आहेत, त्याच्यासाठी हे कारण पुरेसं नाही. गेमला एकाहून जास्त शेवट आहेत आणि त्यांतल्या काहींत आत्महत्या आहे. अशा दिवसांत हा गेम बाजूला ठेवा. तो कुठे पळून जात नाही, दोन वर्षांनीही तसाच मिळेल.

आणि खेळायच्या आधी एक नंबर फोनमध्ये टाकून ठेवा: १४४१६. ही सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. समोरासमोर बोलायचं असेल तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं, बाकी कुठल्याही विभागात बसतो तसंच. “तिकडं कोण ओळखीचं दिसलं तर?” ही आपल्या गावांतली खरी भीती आहे, मला कळते. पण तोही तिथे दाखवायलाच आलेला असतो.

हे इतकं लांबण लावून सांगायला कारण आहे. या गेमवर माझी मोठी तक्रार एकच आहे: एवढी दुखावलेली पोरं यात आहेत, पण डॉक्टर, समुपदेशक, शाळेतली एखादी बाई, असं कुणीही मदतीला येताना दिसत नाही. सगळा भार पोरांनी एकमेकांवर टाकलेला. गोष्ट म्हणून ते चटका लावतं. आपल्या आयुष्याला मात्र हा नमुना लावू नका. मित्राने ऐकून घ्यावं, उपचार करायला माणसं वेगळी आहेत.

दुसरी पायरी: विकत घेणं

सोपं आहे. कॉम्प्युटरवर स्टीम हे दुकान बसवा, खातं उघडा, रुपयांत किंमत दिसेल, यूपीआयने पैसे जातात. घाई नसेल तर उन्हाळी किंवा हिवाळी सेलची वाट बघा. स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. पण ओमोरीचे पहिले दोन तास नुसतं अंगण दाखवण्यात जातात, तेवढ्यावरून आवडला-नावडला ठरवू नका.

फोनवर याची अधिकृत आवृत्ती नाही. टेलिग्रामवर कुणी ‘फोनवर चालणारी फाईल’ पाठवली तर ती घेऊ नका. एक तर त्यात काय भरलंय ते माहीत नसतं, आणि मधेच अडकून पडलं तर दाद मागायला कुणी नसतं.

मशीनचं टेन्शन घेऊ नका. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला साधा लॅपटॉप चालतो. कीबोर्डवर बाणांची बटणं चालायला, झेड बोलायला आणि निवडायला, एक्स मागे यायला, शिफ्ट पळायला. गेमपॅड असेल तर बोटांना आराम, नसेल तर काही अडत नाही. हेडफोन मात्र लावाच. या गेममध्ये आवाज बरंच काही सांगतो, आणि कधी कधी संगीत थांबणं हीच सूचना असते.

आता आपल्याकडची खास अडचण. गेम आपणहून सेव्ह होत नाही. पावसाळ्यात संध्याकाळी वारं सुटलं, लाईट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी म्हातारी असेल, तर तासाभराची मेहनत गेलीच म्हणून समजा. सेव्ह करायची जागा म्हणजे मारीताईची चादर आणि टोपली. चादर दिसली की थांबायचं, टोपलीपाशी सेव्ह करायचं. शिवाय तिथे सगळ्यांची तब्येत पूर्ण भरून निघते, तीही फुकट. एकाच फाईलवर सारखं सेव्ह करू नका. दोन फाईल आलटून-पालटून वापरा आणि मोठा निर्णय येणार असं वाटलं की एक वेगळी ठेवा. पुढे कळेल का ते.

इंग्रजीचं काय?

गेम मराठीत नाही, हिंदीतही नाही. आवाजी संवाद नाहीत, सगळं वाचायचं आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना हीच धास्ती असते. पण इंग्रजी दहावीच्या पुस्तकाइतकंच सोपं आहे, वाक्यं लहान आहेत आणि तुम्ही झेड दाबेपर्यंत संवादाची पाटी हलत नाही. शब्दांवरच्या कोट्या थोड्या निसटतील, त्यात काही बिघडत नाही. खरं नुकसान होतं ते झेड धडाधड दाबण्याने. लढाईचे गेम खेळून बोटांना ती सवय लागलेली असते. इथे एखादं पात्र बोलता बोलता अर्ध्यावर थांबतं, तीन टिंबं येतात, आणि त्या टिंबांतच गोष्ट असते.

दोघांनी मिळून खेळणं हा यावर चांगला उपाय. एकाने बटणं दाबायची, दुसऱ्याने पाट्या मोठ्याने वाचायच्या. पात्रं वाटून घेतलीत तर केलचं बोलणं सांगलीच्या सुरात वाचून बघा, चपखल बसतं.

तिसरी पायरी: पांढरी खोली आणि पहिली रात्र

सुरुवात होते एका पांढऱ्या, रिकाम्या जागेत. वर लटकणारा काळा दिवा, एक लॅपटॉप, चित्रांची वही, टिश्यूचा डबा, एक मांजर आणि एक दार. प्रत्येक वस्तूजवळ जाऊन झेड दाबा. वही उघडून पाहा आणि त्यातली चित्रं लक्षात ठेवा. नवखी माणसं इथे “काहीच नाही की” म्हणून सरळ दाराकडे जातात. गेम तुम्हाला इथे परत परत आणणार आहे, आणि प्रत्येक वेळी तुम्हाला ही खोली आधीपेक्षा जास्त कळलेली असेल.

दाराबाहेर मित्रमंडळी भेटतात, रंग येतात, खेळ सुरू होतो. बेसिलचा फोटोंचा अल्बम हाती लागेल. तो पानन् पान बघा, फोटोंखालच्या ओळी वाचा. या गेममध्ये अल्बमपेक्षा महत्त्वाची वस्तू नाही. पुढे कितीही तास गेले तरी अधूनमधून तो उघडत राहा.

मग सनी जागा होतो. रात्र आहे, घर अंधारं आहे. पहिल्यांदा जिन्यापाशी जाल तेव्हा थोडं दचकाल. इथे जी लढाई होते ती मारामारीने जिंकायची नसते. समोर आलेल्या पर्यायांत ‘शांत हो’ अशा अर्थाचा एक असतो, तो निवडायचा. पहिल्या खेपेला बहुतेक जण हल्ला, हल्ला करत बसतात.

चौथी पायरी: लढाई समजून घ्या

नवख्यांचा गेम इथेच अडतो, म्हणून जरा तपशीलात जातो.

शत्रू समोर चालताना दिसतात, अचानक झडप घालत नाहीत. नको असेल तर वळसा घालून जा. तब्येतीला इथे ‘हार्ट’ म्हणतात, आणि खास डाव टाकायला जे खर्च होतं ते ‘ज्यूस’. ओमोरी पडला की लढाई हरली. बाकीचे पडले की त्यांचा पाव होतो, त्यांना उठवायला ‘लाईफ जॅम’ लागतो. पावाला जॅम, कळलं ना? जॅमच्या दोन-तीन बाटल्या कायम जवळ ठेवा. ओमोरीला एक सवलत आहे. लढाईत एकदा, जीव जाईल असा फटका बसला तरी तो एका हार्टवर तग धरतो. ती सवलत वापरली गेली की पुढच्याच चालीत त्याला भरवा. भरवायचं काम हीरोचं, तो स्वयंपाकी आहे.

आता मुख्य भाग. इथे भावना हेच हत्यार आहे. कुणीही आनंदी, दुःखी किंवा रागीट होऊ शकतो, तुमचा मित्रही आणि शत्रूही. दगड-कागद-कात्रीसारखं चक्र आहे: आनंद रागावर भारी, राग दुःखावर भारी, दुःख आनंदावर भारी. शिवाय प्रत्येक भावनेचा स्वतःचा गुणदोष आहे. आनंदी माणूस चपळ होतो, त्याचे जबर फटके जास्त वेळा बसतात, पण नेम चुकायला लागतो. रागीट माणूस जोरात मारतो आणि स्वतःला जपत नाही, त्यामुळे त्याला लागतंही जास्त. दुःखी माणूस मंद होतो, पण घाव सोसतो, आणि लागलेल्या माराचा काही भाग त्याच्या ज्यूसमधून वजा होतो.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. दुःखी माणसाला बाहेरून फार लागलेलं दिसत नाही, आतली शक्ती मात्र झिजत राहते. संबंध गेममध्ये नैराश्यावर एकही भाषण नाही, पण हा एक हिशोब मांडून ठेवला आहे. मला या गेमचं कौतुक आहे ते अशा जागांसाठी.

भावना बदलायच्या कशा? ओमोरी उदास कविता वाचून कुणालाही दुःखी करतो. ऑब्री हुरूप चढवून आनंदी करते. केल खोड्या काढून राग आणतो. हे डाव मित्रांवरही चालतात आणि शत्रूवरही. नवखे ते फक्त शत्रूवर वापरतात. खरी मजा आपल्या माणसांवर वापरण्यात आहे: समोरचा कुठल्या भावनेत आहे ते बघायचं आणि आपल्या सगळ्यांना त्यावर भारी पडणाऱ्या भावनेत न्यायचं.

पहिला अवघड बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी भेटणारा मोठा शत्रू, हा अंतराळातला, प्रेमभंग झालेला गडी आहे. त्याचा राग वाढतच जातो आणि तुम्हाला तो उतरवता येत नाही. तिथे आपली मंडळी आनंदी ठेवा. पुढे वाड्यातली एक बया भेटते, ती स्वतःवरच इतकी खूश की विचारू नका. तिच्यासमोर सगळे दुःखी हवेत. एवढं लक्षात आलं तर किरकोळ लढाया करून लेव्हल, म्हणजे पात्रांची ताकद, वाढवत बसायची गरज पडत नाही. मारामाऱ्या टाळत गेलात आणि भावना नीट वापरल्यात तरी गाडी पुढे जाते.

तळाशी एक ताकदीचा आकडा दिसतो. मित्रांना मार बसला की तो वाढतो. साधा हल्ला केल्यावर लगेच बाणाचं बटण दाबलं की तीन खर्चून जोडहल्ला होतो. दहा साठले की ओमोरी सगळ्यांना मिळून एक मोठा डाव टाकायला लावतो. बॉससाठी दहा राखून ठेवा. आणि जोडहल्ले करताना पडद्यावर काय लिहून येतं ते वाचा. ऑब्री ओमोरीकडे बघते, आणि सुरुवातीला त्याचं तिच्याकडे लक्षच नसतं. ती केलकडे बघते तेव्हा तो तिला डिवचतो आणि तिला राग येतो. कोण कुणासाठी तळमळतंय, कोण कुणाला चिडवतंय, ते सगळं या दोन-दोन शब्दांच्या ओळींत आहे.

बाकी किरकोळ: कलिंगडं दिसली की फोडा, आत वस्तू सापडतात. खरेदी टपालपेट्यांपाशी होते, पैसे म्हणजे शिंपले. थोडं पुढे गेल्यावर म्होरक्या बदलता येतो. वाटेत अडथळा असेल तर ऑब्री फोडते, लांबची वस्तू केल चेंडू मारून पाडतो, गोड बोलून काम काढायचं असेल तर हीरो.

पाचवी पायरी: दारावर टकटक

सनी जागा असताना सकाळी घराच्या दारावर थाप पडते. बाहेर केल आहे, खराखुरा. दार उघडायचं की नाही हे तुमच्या हातात आहे.

उघडा. पहिल्यांदा खेळताना उघडाच. न उघडण्याचाही एक पूर्ण मार्ग गेममध्ये आहे, त्यात काही जागा आणि लढाया अशा आहेत की ज्या दुसरीकडे नाहीत. पण तो दुसऱ्या खेपेसाठी. दार न उघडता गेलात तर गोष्टीचा गाभा हाती लागत नाही आणि वर मन जड होतं ते वेगळंच.

दार उघडल्यावर तुम्ही फारअवे गावात जाता. छोटं गाव आहे. पिझ्झाचं दुकान, खेळण्यांचं दुकान, बाग, चर्च, सगळे एकमेकांना ओळखणारे. “अरे, किती दिवसांनी!” म्हणणारी माणसं आणि मागे वळून कुजबुजणारीही तीच. सांगलीच्या विश्रामबागेत किंवा वखारभागात वाढलेल्याला हे गाव समजावून सांगावं लागत नाही. इथे मुख्य कामाकडे पळू नका. दुकानदारांशी बोला, शेजाऱ्यांची बारीकसारीक कामं करा. केल आग्रह करून सनीला बाहेर नेतो, पण त्याला बोलायला भाग पाडत नाही. गेमभर सनी जवळजवळ काहीच बोलत नाही आणि केल ते चालवून घेतो. चार वर्षांनी भेटलेल्या मित्राशी कसं वागावं, याचा याहून चांगला धडा मी कुठल्या व्याख्यानात ऐकलेला नाही.

मधला रटाळ पट्टा

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: गेमचा मधला भाग लांबला आहे. वाडा झाल्यावर स्वप्नाच्या जगात एकामागून एक कामं लागतात. पाण्याखालचा हमरस्ता, जुगाराचं हॉटेल, देवमाशाचं पोट. विनोद तेच तेच वाटायला लागतात, “मूळ गोष्ट कुठं गेली?” असं होतं. बरेच जण इथेच सोडतात.

माझं मत: हा कंटाळा काही अंशी मुद्दाम आहे. स्वप्न बघणाऱ्यालाच मूळ गोष्टीकडे जायचं नाही, म्हणून तो कामं काढत बसतो. पण मुद्दाम असला तरी कंटाळा तो कंटाळाच, आणि थोडी कात्री चालवली असती तर गेम सरस झाला असता. इथे एक करा: रोज तास-दीड तासावर थांबा, आडवाटेची कामं सोडा आणि फक्त पुढची वाट धरा. आडवाटेचं नंतर बघता येतं. पूर्ण गेमला वीस-पंचवीस तास लागतात, हा पट्टा त्यातला मोठा हिस्सा खातो.

याच टप्प्यावर यूट्यूब उघडण्याचा मोह होतो. उघडू नका. या गेमचं रहस्य व्हिडिओच्या नावात आणि थंबनेलमध्येच फोडून ठेवलेलं असतं. अगदीच अडलात तर ज्याने खेळलाय अशा माणसाला तेवढंच विचारा.

सहावी पायरी: शेवटचे काही तास

मधला पट्टा संपला की गेम रंग बदलतो. एक अंधारा, तुकड्या-तुकड्यांचा भाग येतो, तिथे दचकवणाऱ्या आणि ओंगळ गोष्टी आहेत. भयपट न सोसणाऱ्यांनी दिवसा खेळावं. एवढ्या भागापुरता आवाज कमी केला तरी चालेल. इथून शेवटापर्यंत एकसलग वेळ हातात ठेवा. दुसऱ्या दिवशी परीक्षा किंवा सकाळची शिफ्ट असेल त्या रात्री हा भाग सुरू करू नका.

अर्धवट सांगायचं ते इथे. शेवटच्या रात्री सनी जागा झाल्यावर पुन्हा झोपून जायचाही पर्याय असतो. झोपू नका, उठून जा. आणि त्यानंतर एक लढाई अशी येते की तुम्ही काहीही केलंत तरी हरता. हरल्यावर पुढे चालू ठेवायचं का, असं गेम विचारतो. चिडून, थकून किंवा “हरलो बाबा” म्हणून ‘नाही’ दाबलं तर शेवट वेगळा होतो, आणि तो बघवत नाही. ‘हो’ दाबायचं. आपण वर वेगळी फाईल ठेवली ती याच रात्रीसाठी.

शेवट पाहून झाल्यावर काही जण ढसाढसा रडतात, काहींना नुसतं सुन्न वाटतं, काहींना पात्रांचा रागही येतो. मला स्वतःला शेवटी उघड होणाऱ्या गोष्टीचा काही भाग ओढून-ताणून आणलेला वाटतो, पण पोरांचं दुःख मात्र खरं वाटतं. हे कुणाशी तरी बोला. दोन-चार दिवस झोप उडाली, जेवण जाईना, जुनी एखादी गोष्ट सारखी वर यायला लागली, तर त्याला गेमचा परिणाम म्हणून झटकू नका. तो १४४१६ नंबर त्याचसाठी आहे.

घरच्यांसाठी दोन ओळी

पोराच्या लॅपटॉपवर हातात चाकू घेतलेला लहान मुलगा दिसला तर लगेच झाकण पाडू नका. शेजारी बसा, “हा कोण?” एवढंच विचारा. तुमचं मूल सनीविषयी बोलता बोलता स्वतःविषयी बोलायला लागण्याची शक्यता बरीच आहे. मग उपदेश न करता ऐका. सोळाच्या आतल्या मुलांना हा गेम नको, हे माझं मत कायम आहे. सोळाच्या पुढच्यांनी खेळावा, पण घरात कुणाला तरी सांगून.

पुन्हा खेळायचा असेल तर

लगेच नको, महिनाभर जाऊ द्या. दुसऱ्या खेपेला दारावर टकटक होईल तेव्हा न उघडता बघायचं असेल तर सुरुवातीपासून नवी फाईल घ्या, जुनी पुसू नका. त्या मार्गावर स्वप्नातलं जग जास्त मोकळं फिरता येतं, अवघड बॉसही जास्त भेटतात, आणि चौथ्या पायरीतलं भावनांचं चक्र तिथे खरोखर कामाला लागतं. अल्बम मात्र या वेळी पहिल्या पानापासून, सावकाश बघा. फोटो तेच असतात.